जुन्या एसएलआरचा फोकस घरच्या घरी कसा तपासावा

कपाटातून काकांचा जुना कॅमेरा निघतो. हौसेने रोल घालता, धुऊन आणता, तर डोळे धूसर आणि कान मात्र लख्ख. लगेच लेन्सवर खापर फोडू नका. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या मदतीने फोटोच्याच लेन्समधून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, आपण फिल्मवरचा फोकस बघतच नाही. आरशावरून वरच्या दुधी काचेवर पडलेली प्रतिमा बघतो. ती काच आणि फिल्म लेन्सपासून अगदी सारख्या अंतरावर आहेत, या भरवशावर सगळा कारभार चालतो. वय झालं की नेमका हाच भरवसा डळमळतो.

आधी स्वतःला तपासा. व्ह्यूफाइंडरमधल्या (डोळा लावायच्या खिडकीतल्या) वर्तुळाची कडा रेखीव दिसत नसेल, तर दोष तुमच्या चाळिशीचा. चष्मा लावा.

आता लेन्स इन्फिनिटीवर (अनंत अंतराच्या ∞ खुणेवर) ठेवा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडा आणि किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर बघा. वर्तुळात दुभंगलेल्या प्रतिमेचे दोन तुकडे जुळले तर निम्मं काम झालं. निम्मंच, कारण फिल्मला काय दिसतंय ते अजून कळलेलं नाही.

आत रोल नाही याची खात्री करून मागचं दार उघडा. शटर ‘बी’वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणाऱ्या सेटिंगवर) घेऊन केबल रिलीजने (बटण दाबून ठेवणाऱ्या तारेने) उघडं अडकवा. फिल्म ज्या आतल्या दोन रुळांवर टेकते, त्यांवर बसेल एवढी काचेची पट्टी घ्या आणि तिला एका बाजूने दुधी टेप लावा. टेपची बाजू लेन्सकडे. पट्टी अलगद धरा, शटरच्या पडद्याला धक्का नको. डोक्यावर काळं कापड घेऊन पट्टीवरची प्रतिमा हातातल्या भिंगातून बघा. टॉवर उलटा दिसेल, पण स्पष्ट दिसायला हवा.

वर जुळतंय आणि इथे धूसर, तर आरसा किंवा दुधी काच सरकली आहे. ५० मि.मी. लेन्सला ०.१ मि.मी.चा फरकही पुरतो: टॉवरवर लावलेला फोकस २५ मीटरवर येऊ शकतो. एफ/८ला (लहान छिद्र) हे झाकलं जातं, एफ/२ला (मोठं छिद्र) उघडं पडतं. दोन्हीकडे धूसर असेल, तर लेन्स कुणीतरी खोलून चुकीची बसवलेली असण्याची शक्यता जास्त.

माझ्या कॅमेऱ्यात कारण अगदीच क्षुल्लक निघालं. आरशाच्या धक्क्यासाठी लावलेला फोम विरघळून डांबरासारखा झाला होता आणि त्याचा मोहरीएवढा गोळा आरसा टेकतो त्या खुंटीवर चिकटला होता. टूथपिकने काढला आणि फोकस जागेवर आला. खुंटीचा स्क्रू मात्र स्वतः फिरवू नका, ते मेकॅनिकचं काम. आणि आरसा शर्टाच्या टोकाने पुसू नका. त्याचा मुलामा वरच्याच बाजूला असतो, ओरखडा कायमचा राहतो.