टूलचं आउटपुट बदलताय? आधी क्रॉनटॅब बघा

बदल म्हटलं तर एवढासा: सर्व्हरची यादी छापणाऱ्या टूलच्या आउटपुटमध्ये ‘साइट’ हा कॉलम घालायचा, म्हणजे मशीन ऐरोलीत आहे की महापेत ते कळेल. कोड चार ओळींचा. ब्रँच, रिव्ह्यू, टेस्ट वगैरे तुम्ही करताच, त्यावर बोलत नाही.

पहिलं काम, हे आउटपुट वाचतंय कोण ते शोधणं. रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ग्रेप मारा, म्हणजे टूलचं नाव शोधा, पण तिथेच हुश्श करू नका. क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉन हा प्रोग्राम ठरलेल्या वेळी आपोआप चालवतो त्या कमांडची यादी, रिपॉझिटरीत नसतो. क्रॉनटॅबची यादी मागितलीत तर फक्त तुमच्या यूझरची मिळते. रूटची वेगळी, बॅकअपवाल्या यूझरची वेगळी. डेबियन-उबुंटूवर सगळ्यांचे क्रॉनटॅब /वार/स्पूल/क्रॉन/क्रॉनटॅब्स इथे सापडतात, रेड हॅटच्या घराण्यात /वार/स्पूल/क्रॉन इथे. शिवाय ईटीसीतलं क्रॉन.डी. प्रत्येक मशीनवर बघायचं. हो, प्रत्येक. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं होतं.

आणि मोडतं ते आवाज न करता. डिस्क किती टक्के भरली हा आकडा चौथ्या कॉलमात होता आणि कुणाच्या तरी क्रॉनटॅबात ऑकची (कॉलम वाचणाऱ्या छोट्या टूलची) एक ओळ होती: चौथा कॉलम ९०च्या वर गेला की मेल पाठव. नवा ‘साइट’ कॉलम बरोबर चौथ्या जागी बसला. साइटची माहिती अजून भरली नव्हती, म्हणून सगळीकडे डॅश. ऑकला आकडा दिसला नाही की तो अक्षरांसारखी तुलना करतो, आणि डॅश ९च्या आधी येतो. अट खोटी, मेल नाही, एरर नाही, एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’. डिस्क मात्र भरत राहिली. साइटची नावं भरलेली असती तर निदान प्रत्येक मशीनसाठी खोटा मेल तरी आला असता!

म्हणून नवा कॉलम शेवटी. तरी शेवटचा कॉलम उचलणारा एखादा असतोच, तेव्हा खरं तर जुन्या आउटपुटला हातच लावू नका. नवं हवं त्याला जेसनचा (प्रोग्रामला वाचायला सोप्या फॉरमॅटचा) वेगळा पर्याय द्या. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने स्टेटसच्या पोर्सलिन (स्क्रिप्टसाठीच्या) पर्यायात हेच केलं. २०१६मध्ये २.११ आवृत्तीत दुसरा फॉरमॅट आणला, पहिला होता तसाच ठेवला. डेबियन-उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवणारं एपीटी तर पाइपमध्ये घातलं, म्हणजे आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामला दिलं, की स्वतःच सांगतं, माझ्या आउटपुटवर भरवसा ठेवू नका; स्क्रिप्टसाठी एपीटी-गेट वापरायचं असतं.

रंग, नटवलेले कॉलम, ‘१.५जी’सारखे आकडे फक्त समोर टर्मिनल असेल तेव्हाच दाखवा. फाइलींची यादी देणाऱ्या एलएसनेही २०१६पासून स्पेस असलेल्या नावांना अवतरणचिन्हं लावली, पण टर्मिनलवरच. मग चाचणी स्वतःच्या स्क्रीनवर काय करताय? पाइपमधून करा. क्रॉनमधून करा, कारण तिथे पाथ (कमांड शोधायच्या जागा) वेगळा, लोकॅल (भाषेची सेटिंग) वेगळं, टर्मिनल नाहीच.

जुना फॉरमॅट कधीतरी बंद करायचाच असेल तर ‘हा फॉरमॅट लवकरच बंद होईल’ ही सूचना एसटीडीएररवर (एररसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर) टाका. पण क्रॉन तेही मेल करतो. दर पाच मिनिटांनी चालणारी ओळ असेल तर दिवसाला २८८ मेल. आणि नेहमीचं आणि एररचं अशी दोन्ही आउटपुट एकत्र वळवणारे महाभाग असतातच, त्यांच्या आकड्यांत तुमची सूचना घुसणार. क्रॉनटॅब आधी बघितलेत तर हे दिसतं. नाही बघितलंत तर दिसत नाही.

एक्झिट कोड बदलू नका. ओळींचा क्रम, हेडर, रिकामी यादी: तेच.

जुनं आउटपुट फाइलीत ठेवा, नव्याशी डिफ करा, म्हणजे फरक तपासा. बदलाची मेल सगळ्यांना टाका, वाचणार कुणी नाही. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज नको, शनिवारी ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून ऐरोलीला यायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. जुना फॉरमॅट मागायचा पर्याय निदान तीन-चार महिने राहू द्या. तिमाहीला एकदाच चालणाऱ्या ओळीही क्रॉनटॅबात असतात.