गडरलाइन मनपाच्या ताब्यात देताना या चुका टाळा

नागपुरातल्या एखाद्या लेआउटमधलं गडरलाइनचं, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनचं, चेंबर भरून वाहू लागलं की मनपाच्या झोन ऑफिसात पहिला प्रश्न येतो, "लाइन कोणाची?" लोक म्हणतात, मनपाची. रेकॉर्ड म्हणतं, नाही. लाइन टाकणाऱ्या डेव्हलपरचे प्लॉट केव्हाच विकून झालेले असतात, आणि घाण पाणी तोवर लोकांच्या फाटकापर्यंत आलेलं असतं.

या घोळाचं मूळ एका समजुतीत आहे. आपली लाइन मनपाच्या मुख्य लाइनला जोडली, घरटॅक्स भरतो, म्हणजे लाइन मनपाची झाली, असं लोक धरून चालतात. जोडणीची परवानगी वेगळी आणि हस्तांतरण वेगळं. लाइन तपासून, लेखी ताबा घेतल्याशिवाय तिच्या दुरुस्तीची जबाबदारी मनपाकडे जात नाही. नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत लेआउटांमधल्या, म्हणजे "572" आणि "1900" लेआउटमधल्या लोकांनी तर हे नीट समजून घ्यायलाच हवं. गुंठेवारीत, म्हणजे विनामंजुरी पाडलेले प्लॉट नियमित करताना, हातात पडणारं आरएल (नियमितीकरणाचं पत्र) प्लॉट नियमित झाल्याचं सांगतं, रस्त्याखालच्या पाइपाबद्दल त्यात काही ठरत नाही. म्हणून अर्ज करण्याआधी लेआउट कोणाच्या मंजुरीचा आहे ते पाहा: नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा), मनपाचा की हद्दीबाहेरचा, एनएमआरडीएकडचा (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडचा). चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज पडून राहतो.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे खड्डे बुजल्यावर मनपाला बोलावणं. माती पडली की खाली काय आहे ते कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि ज्याचा भरवसा नाही ती लाइन कोणता इंजिनिअर ताब्यात घेईल? पाइपासाठी खोदलेली नाली उघडी असतानाच झोनच्या इंजिनिअरला पाहणीसाठी लेखी विनंती करा. प्रत्येक चेंबरच्या तळाची लेव्हल नोंदवा, फोटो काढून ठेवा. उतार डोळ्यांनी ठरवू देऊ नका. गर्दीच्या वेळी पाणी सेकंदाला किमान 0.6 मीटर वेगानं वाहिलं तरच गाळ बसत नाही. सरळ लाइनवर दोन चेंबरमध्ये साधारण 30 मीटरपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर सफाईची सळई मधल्या भागापर्यंत पोचत नाही.

दोन जुन्या चाचण्या स्वस्त आहेत आणि खऱ्या उपयोगाच्या आहेत. पाइपाच्या आतल्या व्यासापेक्षा 13 मिमी लहान गोळा वरच्या चेंबरमधून सोडायचा. तो खाली निघाला तर आत सिमेंटचे गोळे अडकलेले नाहीत. एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला आरसा धरला की लाइन सरळ आहे की वाकडी, ते दिसतं. गळतीसाठी पाणी भरून वेगळी चाचणी घ्या. शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाखाली पक्कं बेडिंग (आधाराचा थर) नसेल तर सांधे उघडतात. त्यामुळे ठेकेदाराची दुरुस्तीची जबाबदारी निदान एक पावसाळा जाईपर्यंत करारात ठेवा, आणि त्याची अनामतही तोवर परत करू नका.

सिमेंट रस्त्यांनी आणखी एक अडचण आणली आहे. रस्ता उंच होतो आणि चेंबरची झाकणं त्याखाली गाडली जातात. पाहणीच्या दिवशी चेंबर सापडलंच नाही तर फाइल तिथेच थांबते. रस्ता होण्याआधी झाकणं उचलून नव्या लेव्हलला आणा.

लाइन कोणाच्या खासगी प्लॉटमधून किंवा अतिक्रमण झालेल्या सर्व्हिस लेनमधून गेली असेल, तर ते लपवू नका. मनपाला तिथे खोदायचा हक्कच नसेल तर ताबा घेऊन ती काय करणार? जागामालकाशी नोंदणीकृत करार आधी करा. छतावरचं पावसाचं पाणी कोणी गडरमध्ये सोडलं असेल तर तेही तोडा. मुसळधार पावसात चेंबरं उसळण्याचं ते एक मोठं कारण आहे. लेआउट पाडणारी गृहनिर्माण संस्था बंद पडली असेल, तर सही कोण करणार हे पाहणीआधीच ठरवा.

ताबा मिळेपर्यंतच्या काळात एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत करू नका: चोकअप काढायला चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. 2013 च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला बंदी आहे, आणि अशा मृत्यूसाठी 30 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये दिला आहे. चेंबरमधल्या वायूनं काही क्षणांत माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. लाइन खासगी असली तरी सक्शन आणि जेटिंगची गाडीच बोलवा, तिचे पैसे सगळ्यांनी वाटून घ्या.

शेवटी ताब्याचं पत्र. "लेआउटची लाइन स्वीकारली" एवढ्यावर समाधान मानू नका. लाइनची लांबी, पाइपाचा व्यास, चेंबरांची संख्या, कोणत्या चेंबरपासून कोणत्या चेंबरपर्यंत, आणि कोणत्या तारखेपासून देखभाल मनपाची, हे सगळं त्यात हवं. सोबत प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा जोडा; मंजुरीच्या वेळचा चालत नाही, कारण जागेवर लाइन हमखास थोडी सरकलेली असते. पोच घेतलेली एक प्रत सोसायटीच्या अध्यक्षांच्या घरी न ठेवता सोसायटीच्या दप्तरात ठेवा.