पापणीतलं तेल थिजतं तेव्हा: कोरड्या डोळ्यांना शेक कसा द्यावा

डोळ्यांतून सारखं पाणी येतंय आणि नेत्रतज्ज्ञ म्हणतात डोळे कोरडे आहेत, हे ऐकून बहुतेकांचा गोंधळ उडतो. अश्रूंवर तेलाचा एक अगदी पातळ थर असतो. तो नीट नसला की अश्रू लगेच वाळतात, डोळा चुरचुरतो आणि त्या चुरचुरण्यानेच आणखी पाणी सुटतं. हे तेल येतं पापण्यांमधल्या मायबोमियन ग्रंथींतून. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांची तोंडं पापणीच्या केसांच्या लगेच मागे असतात. थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं तसं इथलं तेल घट्ट होतं, बाहेर येत नाही आणि ग्रंथी तुंबते. वर्षानुवर्षं तुंबलेली ग्रंथी आक्रसत जाते, आणि एकदा नाहीशी झालेली ग्रंथी सहसा परत येत नाही. म्हणून नुसत्या डोळ्यांत घालायच्या थेंबांवर दिवस काढू नका. निदान झालेलं असेल, तर रोजचं काम असं करा.

हात धुवा, नखं कापलेली असू द्या, कॉन्टॅक्ट लेन्स काढा.

आता शेक. बहुतेकांचं इथेच चुकतं आणि मग ‘शेकाने काही होत नाही’ अशी तक्रार येते. घट्ट झालेलं तेल पातळ व्हायला पापणीच्या आतल्या बाजूला साधारण ४० अंश सेल्सिअसची ऊब मिळावी लागते आणि ती निदान दहा मिनिटं टिकावी लागते. गरम पाण्यात बुडवलेला रुमाल दोन मिनिटांत कोमट होतो. तोच रुमाल दहा मिनिटं डोळ्यांवर ठेवला तर उरलेली आठ मिनिटं फुकट जातात. हातावर हात चोळून तळवे डोळ्यांवर ठेवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. आराम वाटेल, पण त्याने तेल वितळत नाही.

घरी करायची खात्रीची पद्धत म्हणजे पाच सुती नॅपकिन आणि पोळ्यांचा कॅसरोल. कॅसरोल आधी गरम पाण्याने विसळून घ्या. हाताने पिळता येतील इतपत गरम पाण्यात नॅपकिन भिजवा, घट्ट पिळा, घड्या करून एकावर एक ठेवा आणि झाकण लावा. एक काढायचा, मनगटाच्या आतल्या बाजूला पाच सेकंद टेकवायचा, चटका बसला नाही तर मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा. दोन मिनिटांनी दुसरा. पाच नॅपकिनांत दहा मिनिटं होतात. काढलेला नॅपकिन परत कॅसरोलमध्ये टाकू नका, बाकीचेही गार होतील.

मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा मास्क मिळतो, तो जास्त सोयीचा आणि रोज निभणारा. पाकिटावर जेवढे सेकंद लिहिलेत त्याहून दहा सेकंद कमी लावून सुरुवात करा, बाहेर काढल्यावर हलवा आणि मगच मनगटावर तपासा. मोज्यात तांदूळ भरून केलेली पुरचुंडी टाळा. ती एका जागी कडकडीत आणि दुसरीकडे गार राहते, आणि पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, लगेच भाजते. तापवलेला चमचा आणि उकडलेलं अंडंही याच कारणाने नको.

शेक संपला की पुढच्या एक-दोन मिनिटांत मालिश करायची. उशीर केला तर तेल पुन्हा घट्ट होतं. ग्रंथी पापणीत उभ्या असतात, म्हणून बोटही उभंच फिरायला हवं. खालच्या पापणीसाठी वर बघा आणि बोटाच्या पेराने खालून केसांच्या कडेपर्यंत हलकेच वर सरका. वरच्या पापणीसाठी खाली बघा आणि भुवईकडून केसांच्या कडेपर्यंत खाली या. आतला कोपरा, मध्य, बाहेरचा कोपरा, प्रत्येक ठिकाणी पाच-सहा वेळा. डोळा आडवा चोळणं ही मालिश नव्हे. दाब पापणीच्या कडेवर हवा, बुबुळावर अजिबात नको: शेकानंतर बुबुळाचा पारदर्शक पडदाही ऊबदार झालेला असतो आणि त्यावर जोर पडणं वाईट. केराटोकोनस (बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ होऊन पुढे येण्याचा आजार), काचबिंदू किंवा डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश करू नका. लाल, दुखरी रांजणवाडी असेल तर फक्त शेक द्या, दाबू नका. नंतर काही मिनिटं धूसर दिसतं, ते आपोआप निवळतं.

शेवटी पापण्यांच्या तयार वाइप्सनी केसांची मुळं पुसा. टी ट्री ऑइल थेट बाटलीतून कधीही लावू नका.

सुरुवातीला हे दिवसातून दोनदा. फरक पडला की नाही हे चार ते सहा आठवड्यांआधी ठरवू नका. बरं वाटू लागलं की एकदावर या, पण बंद करू नका.

थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे थेंबांमधलं नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह, ते वारंवार पडलं की डोळ्याचा पृष्ठभाग आणखी बिघडतो. लाली घालवणारे थेंब नकोत. मेडिकलवाल्याने सुचवलेले स्टिरॉइडचे थेंब तर मुळीच नकोत. त्यांनी सुरुवातीला झकास वाटतं आणि पुढे डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. गुलाबपाणी, मध, तूप डोळ्यांत घालू नका. काजळ पापणीच्या आतल्या कडेवर लावणं थांबवा, ते नेमकं ग्रंथींच्या तोंडावरच बसतं.

स्क्रीनसमोर आपण कमी वेळा आणि अर्धवट पापणी मिटतो, आणि पूर्ण मिटल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. दर वीस मिनिटांनी डोळे दोन सेकंद हलके मिटा, मग दोन सेकंद घट्ट, असं दहा वेळा करा. पंख्याचा आणि गाडीतल्या एसीचा झोत चेहऱ्यावरून हटवा.

ओमेगा-३ च्या गोळ्यांवर पैसे घालवायची गरज नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ वर्षभर दिलं गेलं. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्याचा गुण ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांहून जास्त नव्हता. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं तर ते पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. गरोदरपणात ते चालत नाही, तसं असेल तर आधीच सांगा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेत असाल तर तेही सांगा, त्याने या ग्रंथींचं काम मंदावतं.

तीव्र दुखणं, उजेड सहन न होणं किंवा नजर कमी होणं, यांपैकी काहीही झालं तर शेक बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. तोंडही कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर रक्ततपासणीबद्दल विचारा. आणि उतारवयात पापणीवर त्याच जागी गाठ पुन्हा पुन्हा येत असेल, तिथले केस गळत असतील, तर नुसती काढून घेऊ नका. तिचा तुकडा तपासणीला पाठवायला सांगा, कारण तेलग्रंथीचा कर्करोग सुरुवातीला अशाच साध्या गाठीसारखा दिसतो.