३/५ म्हणजे कोणती पलटण? शस्त्रांची आणि पलटणींची नावं शिकताना

लष्करी इतिहासाच्या प्रश्नमंजूषांना मी आधी स्पर्धक म्हणून जायचो, आता बहुतेक वेळा प्रश्न काढायला बसतो. नव्याने या नादाला लागलेली मंडळी येतात तेव्हा त्यांच्याकडे यादी तयार असते: बंदूक, देश, साल, गोळीचा व्यास. बऱ्याच जणांची पहिली ओळख मोबाइलवरच्या गेममधून झालेली असते, त्यात कमीपणा काहीच नाही. पाठांतरही दांडगं असतं. पण "एम-वन म्हणजे काय?" एवढंच विचारलं की गाडी अडते. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैन्यात गॅरंड यांची रायफल एम-वन होती, कार्बाइन (आखूड, हलकी रायफल) एम-वन होती, थॉम्पसन सबमशीनगनची, म्हणजे टॉमी गनची, एक आवृत्ती एम-वन होती, पहिली बझूका (खांद्यावरून डागायचं रणगाडाविरोधी रॉकेट-लाँचर) एम-वन होती आणि सैनिकाच्या डोक्यावरचं हेल्मेटही एम-वनच. रायफल आणि कार्बाइन या दोघींचा व्यास ०.३० इंच, तरी एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही.

म्हणून माझ्या वहीत नाव कधीच सुटं नसतं. पुढे सैन्य आणि साल लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. कटकटीचं वाटतं, पण निम्मे घोळ तिथेच मिटतात.

साल नावातच असेल तर काम सोपं. जर्मन गेवेर ९८ ही रायफल आणि एमजी ३४, एमजी ४२ या मशीनगन, यांतले आकडे सालाचेच. मात्र त्याच जर्मनांच्या पांझरफाउस्ट या रणगाडाविरोधी हत्यारापुढचे ३०, ६० आणि १०० हे आकडे साल सांगत नाहीत. रणगाड्यावर किती मीटरवरून मारा करता येईल, ते सांगतात. एके-४७ मधलं ४७ हे साल खरं, पण सोव्हिएत सैन्याने ती रायफल अधिकृतपणे स्वीकारली १९४९ मध्ये. प्रश्न काढणाऱ्यांना असे कोपरे फार आवडतात, मलाही आवडतात.

माणसांची नावं चिकटलेली असतील तिथे जास्त सावध राहावं. जर्मन एमपी ४० या सबमशीनगनला दोस्त राष्ट्रांचे सैनिक 'श्मायसर' म्हणायचे, पण शस्त्ररचनाकार ह्यूगो श्मायसर यांचा त्या बंदुकीच्या रचनेत हात नव्हता. स्टेन या ब्रिटिश सबमशीनगनचं नाव मात्र चोख आहे: शेफर्ड आणि टर्पिन हे रचनाकार आणि एनफिल्ड हा शस्त्रकारखाना, यांची आद्याक्षरं. ब्रेन या हलक्या मशीनगनच्या नावात चेकोस्लोव्हाकियातलं ब्रनो आणि पुन्हा एनफिल्ड. आरपीजी ही 'रॉकेट प्रोपेल्ड ग्रेनेड'ची आद्याक्षरं नाहीत, मूळ रशियन शब्दांची आहेत आणि त्यांचा अर्थ हाताने वापरायचं रणगाडाविरोधी ग्रेनेड-लाँचर असा होतो. ही असली माहिती एका बैठकीत पाठ होते, त्यावर फार वेळ घालवू नये.

वेळ घालवावा तो काडतुसांवर. थ्री नॉट थ्री हे नाव ऐकलेलं नाही असा माणूस विरळा, पण ते ०.३०३ इंच म्हणजे रायफलिंगच्या आट्या (गोळी फिरवणाऱ्या नळीतल्या वळणदार खाचा) पाडण्याआधीचा नळीचा आतला व्यास. गोळी त्याहून किंचित जाड, सुमारे ०.३११ इंच, म्हणून तर ती आट्यांत घट्ट बसून फिरत जाते. दुसरा सापळा ७.६२ चा. कलाश्निकोव्हचं काडतूस ७.६२×३९, नाटोचं ७.६२×५१ आणि रशियन मोसिन रायफलचं ७.६२×५४. दुसरा आकडा काडतुसाच्या पितळी नळीची मिलिमीटरमधली लांबी. पहिला आकडा सारखा असला तरी तिन्ही काडतुसं वेगळी. कुणी नुसतं "७.६२ ची रायफल" म्हटलं तर मी थांबवून पुढचा आकडा विचारतो, कितीही खडूस वाटलं तरी.

फोटोवरून ओळखण्याचा सराव वाचनाइतकाच करावा. ली-एनफिल्ड या ब्रिटिश रायफलच्या दोन मुख्य पिढ्या घ्या. १९०७ च्या नंबर वन मार्क थ्रीचं तोंड बोथट असतं, लाकूड आणि लोखंडी टोपण पार नळीच्या टोकापर्यंत येतं. नंबर फोरमध्ये नळीचं टोक थोडं बाहेर डोकावतं. पहिलीला तलवारीसारखी लांब पात्याची संगीन, दुसरीला बहुतेकदा खिळ्यासारखी. पहिलीसारखीच दिसणारी, पण मॅगझिन चौकोनी असलेली रायफल दिसली तर ती ईशापूरच्या भारतीय कारखान्यातली, ७.६२ नाटो काडतुसाची, १९६२ च्या युद्धानंतरच्या काळातली असण्याची शक्यता मोठी. आणि बातमीतल्या फोटोखाली 'एके-४७' असं छापलेलं असलं, तरी आधी मॅगझिनच्या वरच्या बाजूला बघा. तिथे छोटा खोलगट ठसा असेल तर ती बहुधा १९५९ ची एकेएम किंवा तिची नक्कल, पत्रा ठोकून केलेली. पोलाद कोरून केलेल्या जुन्या एकेवर त्या जागी लांबट खाच असते.

आता पलटणींची नावं. शस्त्रांपेक्षा ही जास्त रंगतदार, आणि नवे लोक नेमकं इथेच कंटाळतात. त्यांना मी एकच सांगतो: सगळ्या सैन्याचा तक्ता पाठ करू नका, एक पलटण धरा आणि तिच्या मागे लागा.

मी धरली होती बॉम्बे आर्मीची, म्हणजे ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यातल्या सैन्याची, १० वी. १९०३ मध्ये भारतातले सरसेनापती किचनेर यांच्या फेररचनेत बॉम्बेच्या पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले, म्हणून ती झाली ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात, जो २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीने संपला, ती याच नावाने होती. १९२२ मध्ये पुन्हा फेररचना झाली आणि जुन्या स्वतंत्र पलटणी मोठ्या रेजिमेंटच्या बटालियन बनल्या. ११० वी झाली ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन, म्हणजे ३/५. स्वातंत्र्यानंतर या तिसऱ्या बटालियनचा शोध मराठा रेजिमेंटमध्ये घेत बसाल तर चुकामूक होईल, कारण १९५२ पासून ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये २ पॅरा म्हणून आहे. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशातल्या टांगाइलला पॅराशूटने उतरली ती हीच. कुत आणि टांगाइल एका धाग्यात गुंफलेले दिसले की यादी पाठ करायची हौसच उरत नाही.

त्या तिरक्या रेघेबद्दल थोडं. भारतीय सैन्यात ३/५ म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. पण नुसतं ३/५ पुरत नाही, कारण ३/५ गोरखाही आहे. आणि पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश टेरिटोरियल (अर्धवेळ स्वयंसेवकांच्या) पलटणींमध्ये २/५ असं दिसलं तर ती पाचव्या बटालियनची दुसरी फळी. खूण तीच, वाचायची रीत उलटी. त्यात भर टोपणनावांची: मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनला 'काळी पाचवी' म्हणतात. हा पाच १९०३ पूर्वीच्या बॉम्बेच्या क्रमांकाचा आहे, रेजिमेंटच्या पाचाशी त्याचा संबंध नाही.

मानाच्या नावांवर तर डोळे झाकून विश्वास ठेवूच नये. ब्रिटिशांच्या पहिल्या फूट गार्ड्सना 'ग्रेनेडियर' हे नाव १८१५ मध्ये मिळालं, वॉटर्लूला नेपोलियनच्या ग्रेनेडियर्सना परतवलं म्हणून. समोर आले होते ते बहुधा शासर (हलके पायदळ) होते, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. नाव मात्र राहिलं. १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेत 'स्पेशल एअर सर्व्हिस ब्रिगेडची एल डिटॅचमेंट' उभी राहिली तेव्हा अशी ब्रिगेड मुळात नव्हतीच, ते शत्रूच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी ठेवलेलं नाव होतं. ब्रिटिश रायफल पलटणी आजही संगीन चढवायचा हुकूम देताना संगिनीला 'तलवार' म्हणतात. ही सवय नेपोलियनच्या काळातल्या बेकर रायफलची, तिच्या पुढे तलवारीसारखं लांब पातं बसत असे.

शस्त्रं आणि पलटणी एकत्र वाचायच्या असतील तर शौर्यपदकांची मानपत्रं घ्या. व्हिक्टोरिया क्रॉसची मानपत्रं लंडन गॅझेटमध्ये छापली जात. मी नव्या माणसाला नाईक यशवंत घाडगे यांचं मानपत्र देतो: ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्री, १० जुलै १९४४, इटलीतलं अप्पर टायबर खोरं. जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले (पलटणीतली सर्वांत लहान तुकडी) बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. आधी ग्रेनेड टाकून गन आणि गनर निकामी केला, मग एकाला टॉमी गनने टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळच नसल्याने तीच गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठार केलं. नंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आलं.

एकदा वाचून पुढे जाऊ नका. सेक्शनमध्ये बहुतेकांकडे रायफल आणि एक ब्रेन असताना घाडगे यांच्याकडे टॉमी गन का? कारण ते सेक्शन कमांडर होते आणि ते हत्यार बहुधा कमांडरकडे असे. मॅगझिन संपलं कसं, हेही थॉम्पसनच्या आकड्यांवरून समजतं: मॅगझिनमध्ये २० किंवा ३० गोळ्या आणि मिनिटाला सातशेच्या आसपास वेग, म्हणजे दोन-तीन सेकंदांचा खेळ. आणि लाकडी दस्त्याची ती गन रिकामी असतानाही साडेचार किलोंच्या पुढे भरायची.

यानंतर नामदेव जाधव यांचं मानपत्र स्वतःहून काढा: १/५, ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. ते कंपनी रनर, म्हणजे कंपनीचे निरोप पोहोचवणारे, होते. त्यांच्या हाताला जखम होऊन टॉमी गन निरुपयोगी झाल्यावर ते कोणतं शस्त्र हाती घेतात आणि ते संपल्यावर नवा साठा कुठून आणतात, हे कागदावर नदी आणि तिचा बांध काढून दाखवता आलं, की मग पुढची पलटण निवडायला हरकत नाही.