‘दकापलीस’ मुलांना कसं समजवावं

मी चाळीसगावात रविवारच्या शाळेत शिकवते. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातलं 5:20 वाचताना मुलं ‘दकापलीस’पाशी अडखळतात आणि पुढे पळतात. बरीच वर्षं मीही ते एखादं गाव समजून सोडून देत होते. ते गाव नव्हे, तो दहा नगरांचा मुलूख.

आधी फळ्यावर शब्द फोडा. ग्रीक ‘देका’ म्हणजे दहा, ‘पोलिस’ म्हणजे नगर. मग शेजारी संस्कृत ‘दश’ आणि ‘पुर’ लिहा. या जोड्या एकाच जुन्या मुळातून आल्या आहेत. आपल्या शिरपूर-नवापूरमधला ‘पूर’ तोच. म्हणजे दकापलीस झालं दशपूर! (आपल्या उत्तरेला माळव्यातल्या मंदसौरचं जुनं नाव दशपूरच होतं.) हे कळल्यावर मुलांना तो शब्द परका वाटत नाही.

लगेच कुणीतरी विचारतं, “मग बरोबर दहाच होती का?” उत्तर आपल्या गावाच्या पाटीवर आहे. चाळीसगाव म्हणताना कोण चाळीस गावं मोजतं? पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने दहा नगरांची नावं दिली, दुसऱ्या शतकात भूगोलकार टॉलेमीने अठरा. नाव मात्र दहाचंच राहिलं.

आता जमिनीवर बसा. खडूने गालील सरोवर काढा, खाली दक्षिणेकडे यार्देन नदी म्हणून सुतळी सोडा आणि दहा सरक्या घ्या. सरकी इथल्या कुठल्याही घरात मिळते. स्कुथपली, म्हणजे जुनं बेथ-शान, तेवढी एक सुतळीच्या पश्चिमेला. बाकी नऊ पूर्वेला. हिप्पोस सरोवराच्या काठालगत, गदरा थोडी दक्षिणेला, गरसा त्याहून खाली, फिलदेल्फिया म्हणजे आजचं अम्मान त्याच्याही खाली, आणि दिमिष्क म्हणजे दमास्कस पार वर उत्तरेला. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकातली फिलदेल्फिया वेगळी, ती आशिया मायनरमधली. इथे फार जण चुकतात.

इतकं मांडल्यावरच 5:1 पासून गोष्ट वाचा, कारण नावाचं खरं काम इथे आहे. येशू सरोवरापलीकडे एका भूतग्रस्त माणसाला बरं करतो, आणि त्याच्यातली भुतं डुकरांच्या कळपात शिरतात. मोशेच्या नियमशास्त्रात डुक्कर अशुद्ध, मग इथे दोन हजार डुकरांचा कळप कसा? ही ग्रीक वळणाची नगरं होती. इ.स.पू. 63 मध्ये रोमन सेनापती पाँपेने ती यहूदी राज्यापासून सोडवली, आणि पुढे कित्येक नगरं आपली वर्षं तिथूनच मोजू लागली. येशू सरोवर ओलांडून परक्या मुलखात उतरला होता.

तिथल्या लोकांना मार्क ‘गरसेकर’ म्हणतो, तर दुसऱ्या शुभवर्तमानात मत्तय ‘गदरेकर’. सरक्यांकडे बोट दाखवा: गरसा सरोवरापासून साधारण चाळीसगाव ते धुळे एवढी लांब, गदरा बरीच जवळ. दोन्ही दकापलिसातलीच. यावर मुलांशी वाद घालत बसू नका.

वेळ द्यायचा तो शेवटच्या ओळींना. बऱ्या झालेल्या माणसाला येशूसोबत जायचं होतं. येशूने त्याला तारवात घेतलं नाही. “आपल्या घरी, आपल्या लोकांकडे जा,” म्हणाला. त्याचं घर, त्याचे लोक याच सरक्यांमध्ये. एका मुलाच्या हातात चिमूटभर रांगोळी द्या आणि काठापासून एकेका सरकीकडे रेघ ओढायला सांगा. 5:20 म्हणतं, तो दकापलिसात हे सांगू लागला; पण किती नगरं फिरला हे मार्कने लिहिलेलं नाही, तेव्हा रेघ कुठे थांबवायची ते त्या मुलालाच ठरवू द्या.