काच घासण्याआधी जरा थांबा: गाडीच्या काचेवरचा चिवट थर आणि नेहमीच्या चुका

मृग लागला की आमच्या वॉशिंग सेंटरवर एकच वाक्य ऐकू येतं, "वायपर गेलेत." गाडी मुंबईची असो नाहीतर गावातलीच, तक्रार तीच. रात्रीच्या पावसात समोरून दिवे आले की काचेवर तेल पसरल्यासारखं होतं आणि रस्ता दिसेनासा होतो. मग माणूस दुकानात जातो, नवे वायपर घालतो, आणि रात्री पुन्हा तेच. कधी कधी दोष खरंच वायपरचा असतो. पण बहुतेक वेळा तो काचेवर बसलेल्या थराचा असतो, आणि थर कशाचा आहे हे बघायच्या आधीच लोक घासायला सुरुवात करतात.

आपल्याकडे कोकणात काचेवर काय काय बसतं ते बघा. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ. चिऱ्यांच्या ट्रकमागून येणारी जांभ्याची लाल धूळ. महामार्गावरची डिझेलची काजळी. बोअरच्या पाण्यातला क्षार. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावली तर तुडतुड्यांचा चिकटा, आणि मे महिन्यात फणसाचा चीक. आतल्या बाजूने वेगळंच प्रकरण: डॅशबोर्डचं प्लॅस्टिक उन्हात तापून त्यातून सुटणारी वाफ, त्यावर मारलेला चमकदार स्प्रे, गणपतीच्या फोटोपुढची अगरबत्ती. मीठ नुसत्या पाण्यात विरघळतं, काजळी विरघळत नाही. क्षाराला आम्ल लागतं, साबणाने तो हलत नाही. चीक तेलाने सुटतो. आणि लोकांना मात्र सगळ्यावर एकच बाटली हवी असते.

वायपरवर खापर फोडणं

गेल्या गणपतीतली गोष्ट. डोंबिवलीचे एक चाकरमानी राजापूरकडे गावी निघाले होते, सात सीटर गाडी, मागे आई-वडील आणि टपावर सामान. पनवेलला पाऊस लागला, काच धुरकट दिसायला लागली म्हणून तिथेच नवे वायपर घातले. परशुराम घाट उतरताना समोरच्या ट्रकचे दिवे असे फुटले की गाडी बाजूला घेऊन उभी करावी लागली. चिपळुणात मुक्काम केला, सकाळी दुसरे वायपर घेतले, या वेळी महागातले. संगमेश्वरला चहाच्या टपरीवर एकाने काचेवर तंबाखू चोळून दिली. त्यानेही भागेना, तेव्हा आईने पिशवीतला बटाटा काढून कापून दिला. हातखंब्याजवळ आमच्याकडे आले तेव्हा काचेवर तंबाखूचे तपकिरी ओघळ होते, बटाट्याचा पांढुरका थर होता, वायपर खर्र खर्र करत उड्या मारत होते आणि साहेब संतापलेले.

"दोन जोड्या घातल्या हो, दोन्ही बोगस!"

मी काचेवर मग्गाभर पाणी सोडलं. अर्ध्या काचेवर पाणी सपाट पसरलं, अर्ध्यावर त्याचे थेंब झाले. मग दार उघडून आतून काचेवर बोट फिरवलं. अक्षर उमटलं. विचारलं, निघायच्या आधी गाडी कुठे धुतली होती? तर सोसायटीखालच्या एका पोराकडून, "मस्त पॉलिश करून घेतली, आतून स्प्रेपण मारला." झालं. मेणाचं पॉलिश पत्र्यावरून काचेवर आलं होतं, आणि आतला सिलिकॉनचा स्प्रे डॅशबोर्डवरून उडून काचेला लागला होता. मेण किंवा सिलिकॉन असं तुकड्यातुकड्याने बसलं की वायपरचं रबर एका जागी घसरतं आणि पुढच्या जागी अडकतं. तो खर्र आवाज त्याचाच. नवं रबर घातलं तर तेही तासाभरात मेणाने माखतं.

बटाटा आणि तंबाखूवर माझा राग नाही. जुने एसटीचे आणि ट्रकचे चालक घाटात हेच करायचे, आणि त्याने तेवढ्यापुरतं पाणी सपाट पसरतं हे खरं आहे. पण पाऊस थांबला की तो रस काचेवर वाळतो, म्हणजे एका थरावर दुसरा थर.

त्या गाडीला काय केलं ते सांगतो, कारण माझी सवय तीच आहे. आधी पाइपने भरपूर पाणी, हात न लावता, म्हणजे रेती खाली उतरते. मग बादलीभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब आणि स्वच्छ फडकं. ते धुऊन टाकलं की ओल्या काचेवर क्ले बार, म्हणजे काचेला चिकटलेली घाण ओढून घेणारा मातीसारखा मऊ गोळा, हलक्या हाताने. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. बॅटरीत घालतात तेच डिस्टिल्ड वॉटर चालतं. हे मिश्रण काचेवर नाही, फडक्यावर मारायचं, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं, आणि आतून पुसताना दारं उघडी ठेवायची, जवळपास कुणी विडी पेटवलेली नको. वायपरची रबरंही त्याच फडक्याने पुसायची. फडकं काळं होईल, होऊ दे. क्लेनेही थर हलला नाही तर मग सेरियम ऑक्साइडचं काचेचं पॉलिश, पण ते शेवटचं औषध आहे, पहिलं नाही.

आतून मी उभं पुसतो आणि बाहेरून आडवं. नंतर एखादी रेघ राहिलीच तर ती कुठल्या बाजूची हे लगेच कळतं. हे करायला काही खर्च नाही, तरी कुणी करत नाही.

जाताना साहेबांनी विचारलं, "मग हे महागातले वायपर?" म्हटलं ठेवा, चांगले आहेत.

कोरडं घासणं आणि भांड्यांची सवय काचेवर

दुसरी चूक मला जास्त छळते, कारण तिच्यावर उपाय नाही. सकाळी हर्णैला किंवा मालवणला किनाऱ्याजवळ लावलेली गाडी बघा. काचेवर मिठाचा पांढुरका लेप, त्यात वाऱ्याने आलेली वाळू. माणूस गाडीत बसतो आणि कोरड्या काचेवर वायपर चालू करतो. वाळूतला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतो. कठीणपणा मोजायच्या मोहच्या मापपट्टीवर क्वार्ट्झ 7 आणि काच साधारण 5.5. म्हणजे रबराखाली अडकलेला एक कण प्रत्येक फेरीत काचेवर कमान कोरत जातो. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीतून उतरलेल्या गाड्यांचंही तेच. अंगावर खारं पाणी उडालेलं असतं आणि जेटीचा चढ चढतानाच वायपर सुरू. अरे बाबा, एक बाटली गोडं पाणी ठेव गाडीत. मीठ घासायचं नसतं, धुवायचं असतं.

पावसच्या बाजूला एका बागायतदार काकांची जीप होती. मोहोराच्या दिवसांत ती कलमांखालीच उभी असायची. तुडतुडे मोहोराचा रस पितात आणि मधासारखा चिकटा खाली गाळतात, त्यावर धूळ बसते, पुढे काळी बुरशीही धरते. काच अशी झाली की गूळ सांडल्यासारखी. बागेतल्या नव्या पोराला काकांनी सांगितलं, काच पूस. त्याने घरात टोप घासतात तसा काथ्या घेतला, त्यावर चुलीतली राख, आणि मन लावून घासली. दुपारी काच लखलखीत दिसत होती. काका खूश. संध्याकाळी सूर्य समोर घेऊन समुद्राकडे निघाले आणि काचेवर शेकडो बारीक गोल चरे चमकायला लागले, पलीकडचं काही दिसेना.

"पॉलिशने जाईल ना रे?"

बारीक चरे थोडे बसतात, पण नख अडकत असेल तर नाद सोडावा. खोल चरा घासून काढायला गेलं की काच तिथे दबते आणि पलीकडचं वेडंवाकडं दिसायला लागतं. ती काच शेवटी बदलावी लागली. वाईट याचं वाटतं की तो चिकटा म्हणजे साखर होती. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं काचेवर दहा मिनिटं अंथरून ठेवलं असतं तर नुसतं पुसून निघाला असता. पण दहा मिनिटं थांबायचं म्हणजे लोकांच्या जिवावर येतं. नवशिक्यांचं सगळं लक्ष मनगटात असतं, घड्याळात नसतं.

फणसाचा चीक मात्र पाण्याने हलत नाही. फणस फोडताना हाताला खोबरेल लावता ना, तेच काचेवर लावा, चीक सैल होऊ द्या, पुसा, मग भांड्याचं लिक्विड आणि शेवटी अल्कोहोल. नाहीतर तेलाचा थर राहील आणि पावसात मला पुन्हा ऐकवाल, वायपर गेलेत.

बाकीच्या चुका

रॉकेलने किंवा डिझेलने काच पुसणं. काजळी निघते आणि तिच्या जागी तेल बसतं.

वॉशरच्या टाकीत कपड्यांची पावडर घालणं. फेस काचेवर वाळतो, भोकं चोंदतात. नुसतं स्वच्छ पाणी घाला.

भर उन्हात बोअरच्या पाण्याने गाडी धुणं. पाणी वाळतं, क्षाराचे गोल डाग राहतात. डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, फडकं ओलं करून काही मिनिटं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, मग धुऊन टाकायचं. जुने, काचेत उतरलेले डाग व्हिनेगरला दाद देत नाहीत. एका वहिनींनी तांब्याचा हंडा आमसुलाने निघतो म्हणून काचेला कोकमाचं आगळ लावलं होतं. आंबटपणा बरोबर, पण आगळात मीठ असतं, आणि ते खाली पत्र्यावर ओघळलं. संडास साफ करायचं ॲसिड वापरणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

एकच फडकं सगळीकडे. ज्याने टायरला आणि डॅशबोर्डला चमक आणली तेच काचेवर फिरवलं की झाला नवा थर. काचेची फडकी वेगळी ठेवा, आणि ती धुताना कपडे मऊ करायचं लिक्विड घालू नका, त्याचाही थर काचेवर येतो.

आतून काच धूसर झाली की तळहाताने पुसणं. हाताचं तेल तिथे राहतं आणि त्याच पट्ट्यावर पुढच्या वेळी आधी वाफ धरते. एसी लावा, हवा काचेकडे सोडा.

जुनी फिल्म ब्लेडने खरवडणं. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या फिल्मवर बंदी आणली, तेव्हा लोकांनी घाईघाईने त्या ओढून काढल्या. जुन्या गाड्यांवर तो गोंद अजून आहे. मागच्या काचेवर ज्या बारीक आडव्या रेघा असतात त्या वाफ घालवायच्या तारा आहेत, ब्लेड लागलं की तुटल्या. साबणाचं कोमट पाणी मारून वर प्लॅस्टिक चिकटवा, गाडी उन्हात ठेवा, आणि गोंद मऊ झाला की तारांच्या दिशेने हळू ओढा.

एक गोष्ट मात्र कशानेच निघणार नाही. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. जुन्या गाडीत कडेने ओल आत शिरली की तो पापुद्रा सुटून कडा दुधाळ होते. बाहेरून बोट फिरवा, आतून फिरवा, दोन्हीकडे गुळगुळीत लागेल. ते काचेच्या पोटातलं आहे. नजरेच्या आड असेल तर राहू द्या. पसरत समोर आलं तर काच बदला, आणि नवी बसवली की पहिले एक-दोन दिवस तिच्यावर प्रेशरचं पाणी मारायला आमच्याकडे येऊ नका, कडेचा गोंद पक्का व्हायला वेळ लागतो.