एएफ असेल तर घरी काय सांभाळायचं

एट्रियल फिब्रिलेशनला डॉक्टर थोडक्यात एएफ म्हणतात. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात आणि ठोक्यांचा ताल जातो. कुणाला छातीत धडधड जाणवते, कुणाला चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, आणि बऱ्याच जणांना काहीच कळत नाही. घाबरवते ती धडधड, पण जास्त धोका गुठळीचा. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते. कप्पा थरथरत राहिला की तिथे रक्त साचतं, साचलेलं गोठतं, आणि ती गुठळी सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. एएफ असलेल्यांना हा धोका साधारण पाचपट असतो. धडधड थांबली, बरं वाटायला लागलं, म्हणून तो संपत नाही. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली, ही या आजारातली सगळ्यात महागात पडणारी चूक.

रक्त पातळ करणारी गोळी कुणाला लागते, हे डॉक्टर गुण मोजून ठरवतात. हृदय कमकुवत असेल तर १, रक्तदाब १, मधुमेह १, रक्तवाहिन्यांचा आजार १, वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ किंवा जास्त असेल तर २, आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर २. जुन्या पद्धतीत बाईला आणखी १ धरतात. पुरुषाचे २ आणि बाईचे ३ झाले की गोळी घ्यावीच असं सांगितलं जातं. एकाने कमी असतील तर डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. तुमचे किती होतात ते पुढच्या भेटीत विचारून घ्या. गोळी का घ्यायची हे समजलं की ती चुकत नाही. आणि ॲस्पिरिन या गोळीची जागा घेऊ शकत नाही, शेजाऱ्याला चालत असली तरी.

जुनी गोळी असेल तर

पाकिटावर असेनोकोमॅरॉल किंवा वॉरफरिन लिहिलेलं असेल, तर ती आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) बघून घ्यायची गोळी. लहानपणच्या संधिवाती तापाने हृदयातली मायट्रल झडप अरुंद झाली असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर हीच लागते. "आता नवी आली आहे, तपासण्या नकोत" असं ऐकून अशांनी गोळी बदलू नये. संधिवाती झडपेच्या साडेचार हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्या रिव्हरॉक्झबॅनपेक्षा जुनीच गोळी सरस ठरली.

गोळी संध्याकाळी घ्या, रोज एकाच वेळी. सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला, तर डॉक्टरांना त्याच संध्याकाळचा डोस बदलता येतो. सकाळीच गोळी घेऊन बसलात तर तो दिवस गेला. डोस वारानुसार वेगळा असणं नेहमीचं आहे, उदाहरणार्थ सोमवार ते शुक्रवार २ मिलिग्रॅम आणि शनिवार-रविवार ३. वेगवेगळ्या ताकदीच्या पट्ट्या मात्र दिसायला सारख्याच. फार्मसीतून पट्टी आणली की जाड पेनाने तिच्या पाठीवर मोठा आकडा लिहा, आणि दोन ताकदींच्या पट्ट्या वेगळ्या डब्यांत ठेवा. २ ऐवजी ४ ची गोळी आठवडाभर घेतली जाते, ती अशाच घोळामुळे.

एक वही करा. तारीख, आयएनआर, डोस, आणि शेवटी एक रुंद रकाना: त्या आठवड्यात काय वेगळं झालं. ताप, जुलाब, नवं औषध, उपवास, लग्नघर. आकडा बिघडला की कारण बहुतेक याच रकान्यात सापडतं. बहुतेकांसाठी आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो, धातूच्या झडपेला थोडा वर. स्थिर असेल तर महिन्यातून एकदा तपासा. डोस बदलला किंवा तब्येत बिघडली तर आठवड्याच्या आत. आकडा ५ च्या वर गेला तर रक्तस्राव नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर राहू द्या आणि वहीत लिहा. दोन एकदम घेऊ नका.

पालेभाजीबद्दल उलटसुलट सल्ले मिळतात. पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण भाजी बंद करायची नसते, प्रमाण सारखं ठेवायचं असतं. आपल्याकडे गोव्यात घोळ होतो तो श्रावणात. मासळी बंद होते आणि ताटात रोज तांबडी भाजी, अळू, टायकिळा, शेवग्याचा पाला येतो. आयएनआर खाली घसरतो, म्हणून डोस वाढतो. मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होते, मासळी सुरू होते, पाला आठवड्यातून एकदा, आणि वाढवलेल्या डोसावर आयएनआर चढतो. म्हणून श्रावण लागल्यावर दहाएक दिवसांनी एकदा आणि चवथीनंतर दहाएक दिवसांनी एकदा, अशा दोन जादा तपासण्या ठरवूनच टाका. वर्षभर दिवसाआड एक वाटी भाजी ठेवता आली तर सगळ्यात उत्तम.

भाजीहूनही मोठा गोंधळ औषधांनी होतो. पावसाळ्यात पोट बिघडलं म्हणून आणलेली मेट्रोनिडॅझोल, बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल, लघवीच्या त्रासाला कोट्रायमोक्झॅझोल, यांनी आयएनआर चार-पाच दिवसांत बराच वर जातो. ताल टिकवायला दिलेली अमियोडॅरोनही तेच करते, फक्त हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने. कुठलंही नवं औषध सुरू झालं की तीन ते पाच दिवसांत रक्त तपासा. आयुर्वेदिक काढा, लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल यासुद्धा डॉक्टरांना सांगायच्या. स्वयंपाकातल्या हळद-लसणाची चिंता नको.

नवी गोळी असेल तर

डॅबिगॅट्रान, ॲपिक्सबॅन, रिव्हरॉक्झबॅन. आयएनआर लागत नाही, भाजीचं पथ्य नाही. पण परिणाम दिवसाभरात उतरतो, म्हणून चुकलेली गोळी इथे जास्त भोवते. मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, वर्षातून एकदा तरी. पंचाहत्तरीच्या पुढे सहा महिन्यांनी. डोस त्यावर ठरतो.

डॅबिगॅट्रानची कॅप्सूल ओल धरते. आपल्या पावसाळ्यात तर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. म्हणून ती वारांच्या डबीत भरून ठेवू नका. घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढा, अख्खी गिळा, पेलाभर पाण्याबरोबर. फोडून घेतली तर औषध नको तितकं रक्तात जातं, आणि पाणी कमी पडलं तर अन्ननलिकेत जळजळ होते. दिवसातून दोनदा घ्यायची. विसरलात आणि पुढच्या डोसाला सहा तासांहून कमी उरले असतील तर सोडून द्या.

रिव्हरॉक्झबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी भरल्या पोटीच घ्यायची. रिकाम्या पोटी ती पुरती शोषली जात नाही. एकादशीला जेवण नसेल तर फराळाच्या मुख्य खाण्यासोबत घ्या, नुसत्या चहासोबत नको. निर्जळी उपवास या गोळीवर करू नये. ॲपिक्सबॅन जेवणाआधी की नंतर, फरक पडत नाही. दोन डोसांत बारा तासांचं अंतर ठेवा.

दोन्ही प्रकारच्या गोळ्यांवर गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसेक्लोफेनॅक घेऊ नका. पोटात रक्तस्राव होण्याचं हे एक मोठं कारण. पॅरासिटॅमॉल चालते, पण जुन्या गोळीवर सलग काही दिवस रोज चार गोळ्या लागत असतील तर आयएनआर बघा. पाठदुखीला कमरेत इंजेक्शन देऊ लागले तर आधी "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे" हे सांगा. स्नायूत रक्त साकळतं.

नाडी आणि झटका

पाच मिनिटं शांत बसा. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूच्या खोबणीत, उजव्या हाताची पहिली दोन बोटं ठेवा. अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी असते. पूर्ण ६० सेकंद मोजा. एएफमध्ये एक ठोका घाईत, पुढचा उशिरा, एखादा इतका कमजोर की बोटाला लागतच नाही; पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा भलताच येतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचाही याच कारणाने भरवसा नसतो. रक्तदाबही एकदा बघून चालत नाही: मिनिटभराच्या अंतराने तीनदा घ्या आणि सरासरी लिहा.

बसलेल्या अवस्थेत ११० च्या आत ठोके असले तर पुष्कळांसाठी पुरेसं धरतात. तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. ५० च्या खाली जाऊन घेरी येत असेल, किंवा बसूनही १२० च्या वर राहत असतील, तर फोन करा. ठोके आवरणारी मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल संपली म्हणून दोन दिवस बंद ठेवू नका, ठोके उसळी मारतात. पट्टीत पाच गोळ्या उरल्या की नवी आणायची.

झटका आला, म्हणजे एएफची धडधड अचानक सुरू झाली, तर पहिलं काम घड्याळ बघून वेळ लिहिणं. शॉक देऊन ताल परत आणायचा की आधी तीन आठवडे गोळी द्यायची, हे किती तास झाले त्यावरही ठरतं. मग बसा, पंखा लावा, पाण्यावर बंधन नसेल तर पाणी प्या, नाडी मोजा. धडधड चालू असतानाच जवळच्या आरोग्य केंद्रात इसीजी काढून घ्या आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. झटका ओसरल्यावर काढलेला इसीजी साफ येतो आणि हाती काही लागत नाही. जादा गोळी डॉक्टरांनी आधी सांगून ठेवली असेल तरच. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, बसूनही दम लागणं, यांतलं काही असेल तर सरळ १०८.

झटके कशाने येतात, तर सगळ्यात आधी दारू. ऑस्ट्रेलियात नियमित पिणाऱ्या एएफ रुग्णांवर झालेल्या २०२० च्या अभ्यासात, दारू सोडलेल्यांमध्ये एएफ परत येणं ५३ टक्के होतं आणि पीत राहिलेल्यांमध्ये ७३ टक्के. हुर्राक (काजूच्या रसाची दारू) हलकी म्हणून काजूच्या दिवसांत पेले मोजले जात नाहीत, आणि घरगुती काढलेल्या फेणीची ताकद कुणी मोजलेली नसते. पूर्ण सोडणं हाच सल्ला. त्याखालोखाल वजन, रक्तदाब आणि झोपेतलं घोरणं. घोरता घोरता श्वास अडतो असं घरच्यांनी सांगितलं तर झोपेची तपासणी करून घ्या. ते दुर्लक्षित राहिलं तर बाकीचे उपाय कमी पडतात. खारं, सुकं बांगडं, लोणचं, पापड यांतलं मीठ रक्तदाब चढवतं. एप्रिल-मेच्या घामात आणि जुलाबांत अंगातलं पोटॅशियम उतरतं, त्यानेही ताल बिघडतो.

व्यायाम करा, रोज अर्धा तास चाला. वेगाचा अंदाज ठोक्यांवरून लागत नाही, म्हणून बोलून बघा: चालता चालता वाक्य पुरं करता आलं तर वेग बरोबर.

रक्त येणं, पडणं, ताप

मासळी साफ करताना सुरी लागली की बोट नळाखाली धरून पुन्हा पुन्हा बघू नका. स्वच्छ फडका घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सोडू नका. दर मिनिटाला उचलून बघितलं तर धरलेली खपली निघते आणि पहिल्यापासून सुरुवात. नाकातून रक्त आलं तर डोकं मागे न टाकता पुढे झुका आणि नाकाचा मऊ भाग पंधरा मिनिटं चिमटीत धरा. काळी शी, लाल लघवी, न थांबणारं रक्त, यांसाठी लगेच इस्पितळ.

जूनपासून अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं. पावसाआधी ते घासून काढा, तुळशीकडे जायच्या वाटेवर खरखरीत काही टाका, आणि पायात पकड असलेली चप्पल. डोक्याला मार लागला तर बाहेरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी सीटी स्कॅन. आत हळूहळू रक्त साचतं आणि सकाळचा माणूस संध्याकाळी गुंगीत जातो. पावसाळ्यात ताप आला तर डेंगीची तपासणी आणि प्लेटलेट आधी. प्लेटलेट उतरलेल्या असताना ही गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे डॉक्टर रोजचा आकडा बघून ठरवतील. तुम्ही फक्त त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

दात काढायचा किंवा एखादी शस्त्रक्रिया असेल तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. साधा दात बऱ्याचदा गोळी चालू ठेवूनच काढतात. दंतवैद्य आणि हृदयाचे डॉक्टर यांचं बोलणं आठवडाभर आधी घडवून आणा.

आणि घरच्यांना हे दाखवून ठेवा. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलला की खाली येतो, बोलणं जड किंवा असंबद्ध, अचानक तोल जाणं, नजर जाणं: यांतलं एक जरी दिसलं तरी १०८. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि सत्तरी किंवा पेडण्याच्या टोकाहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोचण्यातच त्यातला तास जाऊ शकतो. म्हणून आधी गावातल्या दवाखान्यात दाखवू, थोडी वाट बघू, असं करू नका. सीटी स्कॅन असलेल्या इस्पितळातच न्यायला सांगा. तोंडात पाणी, ॲस्पिरिन, काही घालू नका. माणूस शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ, गोळीचं नाव आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली, या तीन गोष्टी डॉक्टर दारातच विचारतात. गोळीचं नाव, डोस आणि घ्यायची वेळ एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवा, त्याचीच एक प्रत पाकिटात ठेवा, आणि डोस बदलला त्याच दिवशी दोन्ही कागद बदला.